लॅपटॉप मधेच बंद पडतोय? दुकानात धावण्याआधी घरीच काय तपासाल

लॅपटॉप मधेच बंद पडायला लागला की ओळखीतलं कुणीतरी हमखास सांगतं, 'फॉरमॅट मारून बघ.' माझं सांगणं बरोबर उलटं आहे. फॉरमॅट मारू नका, निदान इतक्यात तरी नको. धुळीने तुंबलेला पंखा, थकलेली बॅटरी, सैल झालेली चार्जरची पिन, यातलं काहीही फॉरमॅटने सुधारत नाही. वर डेटा जातो, एक अख्खा रविवार जातो आणि सोमवारी लॅपटॉप पुन्हा बंद पडतो.

लॅपटॉप बंद पडतो म्हणजे नेमका कसा बंद पडतो, हे नीट पाहिलं तर निम्मं निदान तिथेच होतं. त्यासाठी ना स्क्रू ड्रायव्हर लागतो, ना इंजिनिअरिंगची पदवी. खाली मी सांगतोय तो क्रम मात्र पाळा. विंडोज १० किंवा ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांकडे तेच असतं.

दोन गोष्टी लगेच, आत्ताच

पहिली गोष्ट, लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा आणि डोळे टेबलाच्या पातळीवर आणून बाजूने बघा. खालचं झाकण फुगलंय का? टचपॅड एका कडेने वर आलाय का, किंवा त्याचं क्लिक दबत नाहीये का? झाकण मिटल्यावर फट राहते का? लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो का? यातलं एक जरी 'हो' असेल तर बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. मग पुढचं काहीही करायचं नाही. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, आणि फुगलेला भाग दाबून 'जागेवर बसवायचा' प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. लिथियमच्या बॅटरीला भोक पडलं किंवा ती वाकली तर ती पेट घेऊ शकते. गादी, पडदे, कागद यांच्यापासून दूर, फरशीवर ठेवा आणि तसाच दुरुस्तीला न्या.

दुसरी गोष्ट डेटाची. डिस्कवर काही लिहिलं जात असतानाच वीज तुटली तर फाइल खराब होऊ शकते, आणि हे वारंवार झालं तर विंडोजच सुरू होईनाशी होते. म्हणून लॅपटॉप अजून चालतोय तोवर महत्त्वाचं ते बाहेरच्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटंच टिकत असेल तर सगळं एकदम ओढू नका. आधी कागदपत्रं, मग फोटो, मग बाकीचं, असे छोटे गठ्ठे करा. पंख्याखाली बसून करा, बाकी सगळे प्रोग्रॅम बंद ठेवून.

कसा बंद पडतो, ते बघा

आता पुढच्या वेळी तो बंद पडेल तेव्हा घाईने पॉवरचं बटण दाबू नका. दहा सेकंद नुसतं बघा आणि ऐका.

स्क्रीन काळी झाली, पण पंख्याचा आवाज येतोय, दिवा चालू आहे? मग लॅपटॉप बंद पडलेलाच नाही, फक्त चित्र गेलंय. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (स्क्रीनवर चित्र आणणारा छोटा प्रोग्रॅम) नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा चित्र परत येतं. नाही आलं तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधुक अक्षरं दिसली तर स्क्रीनच्या मागची प्रकाशयोजना गेली आहे. तो वेगळा आजार आहे, या लेखातला नाही.

तुम्ही टाइप करता करता स्क्रीन गेली आणि बटण दाबल्यावर सगळं होतं तिथेच परत आलं? मग तो झोपला होता, म्हणजे स्लीपमध्ये गेला होता. लॅपटॉपच्या कडेला झाकण मिटल्याचं ओळखणारा एक छोटा सेन्सर असतो, आणि तो चुंबकावर चालतो. घड्याळाचा चुंबकी पट्टा, मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक, दुसऱ्या लॅपटॉपवर ठेवलेला हा लॅपटॉप, एवढ्यानेही त्याला झाकण मिटल्यासारखं वाटतं. हातातलं घड्याळ काढून तासभर काम करून बघा.

निळी स्क्रीन आली, काही अक्षरं दिसली आणि लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू झाला? मग विंडोजने स्वतः हात टेकले आहेत. ड्रायव्हर, रॅम किंवा स्टोरेज यांच्याकडे बोट जातं.

'शटिंग डाउन' असं लिहून आलं आणि रीतसर बंद झाला? मग कुणीतरी त्याला बंद व्हायला सांगितलं आहे: विंडोजचं अपडेट, किंवा बॅटरी अगदी तळाला गेल्यावरची सेटिंग.

आणि शेवटचा प्रकार, सगळ्यात जास्त घाबरवणारा. काहीही न सांगता तट्कन सगळं गेलं. चित्र नाही, पंखा नाही, दिवा नाही. अशा वेळी संशय दोघांवरच घ्यायचा, वीज आणि उष्णता. बाकी कारणं असतात, पण ती नंतर.

एका कागदावर प्रत्येक वेळची नोंद ठेवा: वाजले किती, चार्जर लावला होता का, बॅटरी किती टक्के होती, काय चालू होतं, लॅपटॉप कशावर ठेवला होता, खालून हाताला किती गरम लागत होता. शेवटी एक रकाना 'लगेच सुरू झाला का?' यासाठी. चार-पाच नोंदी झाल्या की एखादी गोष्ट प्रत्येक ओळीत दिसायला लागते. भांडुपच्या एका ओळखीच्या काकूंच्या कागदावर प्रत्येक वेळी 'किचनमधल्या बोर्डाला लावलेला' असं होतं. त्यांची बॅटरी पार गेलेली होती आणि त्या बोर्डाचं सॉकेट सैल होतं. मिक्सर लावताना प्लगला धक्का लागला की लॅपटॉप जायचा. लॅपटॉप उघडायची वेळच आली नाही.

विंडोजनेही नोंद ठेवलेली असते

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा, 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टम'. लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी बघून दचकू नका. धडधाकट लॅपटॉपमध्येही अशा खुणा असतात. तुम्हाला फक्त बंद पडण्याच्या वेळेच्या आसपासचे क्रमांक बघायचे आहेत.

४१ हा क्रमांक आणि समोर 'कर्नल-पॉवर' असं नाव असेल तर लॅपटॉप नीट बंद न होता गेला, एवढंच ते सांगतं. पुष्कळ जण हाच क्रमांक कारण समजून बसतात. ते कारण नाही, तो पंचनामा आहे. त्या नोंदीच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळालेला नाही, म्हणजे बहुधा वीज तुटली. तिथे शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर निळ्या स्क्रीनचा मामला. ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं. १०७४ दिसला तर कोणत्या प्रोग्रॅमने बंद करायला लावलं त्याचं नावच तिथे असतं. आणि कर्नल-पॉवरच्या नावाने ८६ दिसला तर तापमान धोक्याच्या पातळीपलीकडे गेल्यामुळे मशीन बंद केल्याची ती नोंद आहे. तो दिसला तर सरळ उष्णतेच्या भागाकडे जा.

इव्हेंट व्ह्यूअर किचकट वाटत असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' शोधा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' उघडलं की दिवसवार तक्ता येतो. कोणत्या तारखेपासून लाल फुल्या सुरू झाल्या आणि त्याच्या आदल्या दिवशी काय नवं टाकलं होतं, हे त्यात एका नजरेत कळतं.

एक कसोटी, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा

लॅपटॉप सुरू करताना बायोसमध्ये जा, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या, मशीनच्या मूळ सेटिंगच्या स्क्रीनवर. बहुतेक कंपन्यांत एफ-२, डिलीट, एफ-१० किंवा एस्केप यांतलं एखादं बटण सुरुवातीलाच दाबत राहावं लागतं. ती साधी, जुनाट दिसणारी स्क्रीन आली की काहीही न बदलता लॅपटॉप तसाच अर्धा-पाऊण तास ठेवून द्या. इथे विंडोज चालूच नसते. त्यामुळे इथेही तो तट्कन गेला तर दोष विंडोजचा नाही, ड्रायव्हरचा नाही, व्हायरसचाही नाही. फॉरमॅटचा विषय तिथेच संपला. इथे तासभर निवांत राहिला आणि विंडोजमध्ये गेल्यावर पाच मिनिटांत गेला, तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका. विंडोजमध्ये प्रोसेसर जास्त राबतो, त्यामुळे उष्णता आणि बॅटरी हे दोघे अजूनही संशयित आहेत.

वीज: सॉकेटपासून बॅटरीपर्यंत

भिंतीपासून सुरुवात करा. बेस्ट, अदानी, टाटा पॉवर की महावितरण, वीज कुणाचीही असो, घरात येते ती २३० व्होल्टची. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं. म्हणजे व्होल्टेज थोडं खालीवर झालं म्हणून लॅपटॉप बंद पडायला नको. बंद पडतो तो सैल जोडणीमुळे. जुन्या चाळीत, जुन्या इमारतीत सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झालेल्या असतात. अडॅप्टरचा जड प्लग स्वतःच्या वजनाने खाली झुकतो. प्लग हलकेच हलवा आणि अडॅप्टरवरच्या दिव्याकडे बघा. दिवा लुकलुकला तर सॉकेट बदला. एक्स्टेन्शनला दुसरं एक्स्टेन्शन, त्याला तीन पिनांचं दोन पिनांत रूपांतर करणारा कन्व्हर्टर, अशी साखळी असेल तर ती आधी मोडा. चार्जर लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येत असतील तर अर्थिंग मिळत नाहीये. वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या, ही टाळण्याची गोष्ट नाही.

मग अडॅप्टर. भिंतीत लावल्यावर दिवा लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातल्याबरोबर विझतो, असं होत असेल तर एक तर अडॅप्टर दमलाय किंवा लॅपटॉपच्या आत शॉर्ट आहे. तितक्याच वॉटचा दुसरा अडॅप्टर मागून आणून एकदा लावून बघितलं की दोन्हींतलं कोणतं ते कळतं. 'तितक्याच वॉटचा' यावर जोर आहे. मूळ ६५ वॉटचा असेल आणि तुम्ही ४५ वॉटचा लावला तर साधं काम चालेल, पण व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की चार्जर लावूनही बॅटरी उतरत जाईल. गोल पिनच्या अडॅप्टरचे व्होल्टही मूळच्याइतकेच हवेत. पिन बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. यूएसबी-सीवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपमध्ये केबलही बघावी लागते. साधी केबल ६० वॉटपर्यंतच वीज नेते. त्याहून जास्त हवी असेल तर ५ अँपियरची, आत चिप असलेली केबल लागते. चार्जर १०० वॉटचा घेतला आणि केबल मोबाइलची लावली, तर पैसे वाया.

नवा अडॅप्टर घ्यायचा झाला तर त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि 'आर' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. फुटपाथवरचा हलका अडॅप्टर हातात घेतल्यावरच कळतो, आत काहीच नसल्यासारखा वाटतो. तो लॅपटॉपला लावू नका.

आता बॅटरी. 'चाळीस टक्के दाखवत होता आणि गेला' ही तक्रार मी सतत ऐकतो, आणि ती खरी असते. बॅटरी जुनी झाली की तिच्यातली साठवण तर घटतेच, पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो. चाळीत सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते, टाकीत पाणी असूनही. तसंच इथे होतं. प्रोसेसरने अचानक जास्त वीज मागितली की बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं आणि सुरक्षेसाठी सगळं तुटतं. म्हणूनच नुसतं टाइप करताना लॅपटॉप दोन तास टिकतो आणि व्हिडिओ कॉल लावला की जातो.

हे घरच्या घरी मोजता येतं. स्टार्टमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट' शोधून उघडा. त्या काळ्या खिडकीत इंग्रजीत 'पॉवर' लिहा, त्याला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं, मग एक जागा, मग तिरपी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) आणि तिला चिकटून 'बॅटरीरिपोर्ट', हेही जोडूनच. एंटर दाबलं की अहवाल कुठे साठवला ते तिथेच लिहून येतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. समजा पहिला आकडा ५०,००० आणि दुसरा २७,००० असेल, तर बॅटरी निम्म्यावर आली. साठ टक्क्यांच्या खाली गेली आणि लॅपटॉप मधेच बंदही पडत असेल, तर बॅटरी बदला, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच अहवालात थोडं खाली 'रिसेंट युसेज'चा तक्ता असतो. तुमच्या कागदावरची वेळ त्यात शोधा. आदल्या ओळीत ३८ टक्के आणि पुढची ओळ थेट चार्जर लावल्यानंतरची असेल, तर पुरावा हातात आला.

उलटी कसोटीही करा. चार्जर काढून फक्त बॅटरीवर एक तास, मग चार्जर लावून एक तास, दोन्ही वेळा काम तेच. फक्त बॅटरीवर जातो तर बॅटरी. चार्जर लावल्यावरच जातो तर अडॅप्टर, पिन किंवा आतला पॉवरचा भाग. दोन्हीकडे सारखाच जातो तर पुढे वाचा. बॅटरी बाहेरून काढता येणारी असेल तर ती काढून नुसत्या चार्जरवर चालवून बघा, आणखी स्पष्ट कळेल.

बॅटरी पूर्ण गेली तरी चार्जरवर चालतंय म्हणून तसंच रेटणारे पुष्कळ आहेत. वीज गेली की त्याच क्षणी लॅपटॉपही जातो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तेव्हा कितीतरी घरांत ऑफिसचं काम आणि मुलांचे ऑनलाइन वर्ग चालू होते. वीज इथे क्वचित जाते, पण जाते.

उष्णता: आपल्या हवेत हे कारण मोठं आहे

लॅपटॉपचा पंखा खोलीतली हवा आत घेऊन गरम हवा बाहेर टाकतो. खोलीच्या हवेपेक्षा थंड तो काही करू शकत नाही. एसीच्या २४ अंशांत प्रोसेसर ८५ वर राहत असेल तर मे महिन्यात ३४ अंशांच्या खोलीत तोच साधारण ९५ च्या घरात जातो, आणि अनेक इंटेल प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश असते, बऱ्याच रायझन प्रोसेसरांची ९५. म्हणून हिवाळ्यात नीट चाललेला लॅपटॉप एप्रिल-मेमध्ये अचानक त्रास द्यायला लागतो. मर्यादेजवळ गेला की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, लॅपटॉप रखडायला लागतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर वीज तोडतो. म्हणजे उष्णतेने बंद पडणारा लॅपटॉप बहुधा आधी कितीतरी दिवस रखडत असतो. ते आपल्या लक्षात येत नाही.

ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे बंद पडल्यावर लगेच सुरू केला तर आणखी लवकर जातो, पण अर्ध्या तासाने सुरू केला तर बराच वेळ टिकतो.

दुसरी खूण: टिश्यू पेपरची एक बारीक पट्टी जिथून गरम हवा बाहेर येते तिथे धरा आणि एखादा मोठा व्हिडिओ चालू करा. पट्टी फडफडली पाहिजे. पंखा जोरात घोंघावतोय आणि पट्टी हलत नाही, तर वाट तुंबलीये. पंख्याचा आवाजच नाही आणि खालून चटका बसतोय, तर पंखा बंद पडलाय. (काही पातळ लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो, तेवढं आधी बघून घ्या.) आकडे हवे असतील तर एचडब्ल्यूइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो, त्यात 'सीपीयू पॅकेज'समोरचा कमाल आकडा बघा. काहीच चालू नसताना ४० ते ५५ आणि भरपूर काम असताना ८० ते ९० च्या आसपास, हे चिंतेचं नाही. काम सुरू केल्यावर मिनिटभरात १०० ला टेकत असेल तर आहे.

उपाय सोप्यापासून सुरू करा. हवा आत घेण्याच्या फटी बहुतेक लॅपटॉपना पोटाखाली असतात. गादीवर, उशीवर, मांडीवर ठेवला की त्या बंद होतात. घरात टेबलाला जागा नसेल तर आपला जेवायला बसायचा लाकडी पाट घ्या. त्यावर लॅपटॉप सपाट बसतो आणि मागची कडा दोन बाटल्यांच्या झाकणांवर टेकवली की खालून हवाही खेळते. महागडा कूलिंग पॅड घेण्याआधी हे करून बघा.

धूळ साफ करायची तर लॅपटॉप पूर्ण बंद हवा. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही, खरोखर बंद होते. चार्जर काढा. बाहेरूनच साफ करणार असाल तर हाताने दाबायच्या रबरी ब्लोअरने फटीतून छोटे छोटे झोत द्या. पंखा वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका, त्याचं बेअरिंग बिघडतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याने स्थिर वीज तयार होते.

खालचं झाकण स्वतः उघडायचा धीर असेल आणि वॉरंटी संपली असेल तर तुमच्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ आधी पूर्ण बघा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्या त्या जागी ठेवत जा. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, दुसरं काही नाही. मग पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधली जागा बघा. बाहेरून लॅपटॉप चकचकीत असतो आणि इथे राखाडी थर बसलेला असतो, इतका घट्ट की चिमट्याने एका कडेला धरला तर अखंड पट्टी सुटून येते. त्यात केस असतात, गोधडीचे धागे असतात, बाहेर बांधकाम चालू असेल तर सिमेंटची बारीक पूडही. ती पट्टी निघाली की पुष्कळ वेळा आजारच जातो. पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढताना पंखा बोटाने धरून ठेवा. चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (त्याची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) वाळलेली असते. ती बदलणं मात्र पहिल्याच खेपेला स्वतः करू नका, जाणकाराकडून करून घ्या.

लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही. हल्लीचे बरेचसे लॅपटॉप स्लीपमध्येही अधूनमधून जागे होतात, मेल घेतात, अपडेट उतरवतात. पाठीवरच्या जाड बॅगेत, विरार किंवा कल्याणच्या गर्दीत, तासभर हे चालू राहिलं की ऑफिसात पोचल्यावर लॅपटॉप गरम लागतो आणि बॅटरी संपलेली असते. बॅगेत घालण्याआधी शट डाउन करा किंवा हायबरनेट करा, म्हणजे उघडलेलं काम डिस्कवर साठवून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, पॉवरचं बटण काय करेल ते ठरवायच्या पानावर, चालू करता येतं.

पावसाळ्याचं वेगळं

एसी ऑफिसातून किंवा एसी लोकलमधून बाहेर दमट हवेत आलात की थंड लॅपटॉपवर दव धरतं, चश्म्यावर धरतं तसंच. बॅगेतून काढून लगेच सुरू करू नका; अर्धा तास बॅगेतच राहू द्या. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी चार्जिंगची पिन आणि पोर्ट टॉर्चने बघावेत. हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर तो गंज आहे, आणि त्यामुळे वीज तुटक मिळते. लॅपटॉप बंद ठेवून, चार्जर काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावं.

बॅगेत पाणी गेलं असेल तर 'चालतोय का बघू' म्हणून बटण दाबू नका. चालू असेल तर पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा. चार्जर लावू नका. तांदळात ठेवून आतलं पाणी निघत नाही आणि गंज तर मुळीच थांबत नाही. उघडून साफ करायला त्याच दिवशी द्या.

आता विंडोज, रॅम वगैरे

वीज आणि उष्णता दोन्ही निर्दोष सुटले, तरच इकडे या. निळी स्क्रीन क्षणात जात असेल तर सिस्टमच्या 'अॅडव्हान्स्ड' सेटिंगमधल्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'त जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. मग स्क्रीन थांबते आणि मोबाइलने फोटो काढता येतो. रॅमसाठी 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' रात्री लावून ठेवा. एकही चूक निघाली तर रॅम काढून, टोकं पुसून परत बसवायची, तरी निघाली तर बदलायची. बायोस आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर फक्त कंपनीच्या अधिकृत साइटवरून घ्या. बायोस अपडेट मात्र मधेच बंद पडणाऱ्या लॅपटॉपवर कधीही करू नका. ते चालू असताना वीज तुटली तर मशीन कायमचं बसू शकतं. आधी बंद पडणं थांबवा, मग अपडेट.

मॅकवर बॅटरीची अवस्था 'सिस्टम सेटिंग्ज'मधल्या 'बॅटरी'त दिसते. बाकी वीज आणि उष्णतेचे नियम तेच.

दुकानात जाताना

वॉरंटीत असेल तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जा. नसेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आहेच, आणि जवळपास प्रत्येक उपनगरात स्टेशनबाहेर दुरुस्तीवाले आहेत. तुमचा नोंदींचा कागद सोबत न्या. 'बंद पडतोय' असं सांगण्याऐवजी 'फक्त बॅटरीवर, व्हिडिओ कॉल चालू असताना, तीस-चाळीस टक्क्यांवर तट्कन जातो. बायोसमध्ये तासभर टिकतो. बॅटरी ५४ टक्के उरलीये' असं सांगा. समोरचा माणूस वेगळ्या नजरेने ऐकतो, आणि 'मदरबोर्ड गेला' हे उत्तर इतक्या सहज येत नाही. मदरबोर्ड जातोही कधीकधी, पण काय मोजून तसं ठरवलं, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

लॅपटॉप देण्याआधी पावती घ्या, तिच्यावर मॉडेल, सीरियल नंबर, रॅम आणि एसएसडी किती आहे ते लिहून घ्या. खर्चाचा अंदाज आधी, काम नंतर. काढलेला जुना भाग परत मागा. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

परत घेताना काउंटरवरच वीस मिनिटं थांबा. चार्जर काढून, आवाजासकट एक मोठा व्हिडिओ लावून, ज्या कामात तो बंद पडायचा तेच काम करून बघा. मग चार्जर लावून पुन्हा. जुनी बॅटरी दुकानदार ठेवून घेत असेल तर ठीक, नाहीतर ती घरच्या सुक्या कचऱ्यात टाकू नका. तिच्या कनेक्टरवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.